शाळा आणि पोलीस ठाणे

शाळेत एखादी अनुचित घटना घडली की आपल्या समाजातून दोन मागण्या एकाच वेळी पुढे येतात. शाळेच्या दारात पोलीस बसवा, ही पहिली. आणि पोलिसांनी शाळेत पाऊल टाकू नये, कोवळ्या मुलांवर त्याचा वाईट परिणाम होतो, ही दुसरी. पुष्कळदा या दोन्ही मागण्या करणारी माणसे एकच असतात, आणि दोन्ही मागण्यांच्या मुळाशी असलेली भीती खोटी नसते. मुलास कोणी इजा करील ही एक भीती आणि मुलाच्या रक्षणासाठी आलेला मनुष्यच त्याच्यावर धाक बसवील ही दुसरी. शाळा आणि पोलीस ठाणे यांच्यामध्ये दुवा म्हणून एक खास अधिकारी असावा, ही कल्पना या दोन भीतींतूनच जन्मास आली आणि गेल्या सत्तर वर्षांत जगातील अनेक देशांनी ती राबवून पाहिली. आपल्याकडे तर कायद्याने अशा अधिकाऱ्याची तरतूदच करून ठेवली आहे. तथापि, आपल्या मुलाच्या शाळेच्या हद्दीतील तो अधिकारी कोण, असा प्रश्न कोणाही पालकास विचारून पाहावा. उत्तर मिळेल अशी आशा आम्ही बाळगत नाही.

हे अज्ञान किती महागात पडते, ते महाराष्ट्राने ऑगस्ट २०२४ मध्ये पाहिले. बदलापूर येथील एका शाळेत बालवर्गातील दोन बालिकांवर तेथील सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार घेऊन त्यांचे पालक पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा त्यांस अकरा-बारा तास तिष्ठत बसावे लागले, आणि १६ ऑगस्ट रोजी कुठे गुन्हा नोंदला गेला. २० ऑगस्ट रोजी संतप्त जमाव बदलापूर स्थानकात रुळांवर उतरला आणि तेथील रेल्वे वाहतूक कित्येक तास ठप्प झाली. २२ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा नोंदवण्यातील दिरंगाईबद्दल पोलिसांना, तसेच माहिती मिळूनही ती न कळवल्याबद्दल शाळेला खडे बोल सुनावले. पुढे २३ सप्टेंबर रोजी आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतानाच गोळीबारात मारला गेला आणि खटल्याचा निकाल लागण्याची शक्यताच संपली.

या दुर्दैवी प्रकरणातील एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी अशी आहे. त्या शाळेच्या फाटकावर बंदूकधारी शिपाई उभा नव्हता म्हणून अनर्थ वाढला, असे कोणीही म्हणू शकणार नाही. अनर्थ वाढला तो दोन ठिकाणी. शाळेत ज्याच्या कानी गोष्ट गेली त्याने ती पुढे नेली नाही, आणि ठाण्यात ज्याच्यासमोर पालक उभे राहिले त्याने ती ऐकून घेतली नाही. शाळेपासून ठाण्यापर्यंतची वाट दोन्ही टोकांस बंद होती. अशा वेळी उपयोग होतो तो वाट उघडणाऱ्या माणसाचा, आणि आमच्या आजच्या लेखाचा विषय तोच माणूस आहे.

कायदा याविषयी काय सांगतो ते पाहू. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १०७ मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षकाहून खालच्या दर्जाचा नसलेला निदान एक अधिकारी ‘बाल कल्याण पोलीस अधिकारी’ म्हणून नेमण्याची तरतूद आहे. त्याची वृत्ती या कामास अनुरूप असावी, त्याला योग्य प्रशिक्षण मिळालेले असावे, आणि मूल अन्यायाला बळी पडलेले असो वा त्याच्या हातून अपराध घडलेला असो, त्याने केवळ मुलांचेच काम पाहावे, अशी त्या कलमाची भाषा आहे. प्रत्येक जिल्ह्यात व शहरात उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली ‘विशेष बाल पोलीस पथक’ असावे आणि त्यात दोन समाजकार्यकर्ते, त्यांपैकी एक स्त्री, असावेत, असेही कायदा सांगतो. ही काही परदेशातून काल-परवा उचललेली कल्पना नव्हे. मुंबई इलाख्याने मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ सालीच केला होता. अपराधी मुलास प्रौढ गुन्हेगारांच्या पंगतीस बसवू नये, हे तत्त्व आपल्या प्रांतात शंभर वर्षांचे जुने आहे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला लोक ‘पोक्सो’ या नावाने ओळखतात, तो आणखी पुढे जातो. मुलावर असा अत्याचार झाल्याचे ज्यास कळले त्याने ते बाल पोलीस पथकास अथवा स्थानिक पोलिसांस कळवलेच पाहिजे. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाचे असे कृत्य दडवल्यास त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या वाटेल अशा जागी, शक्यतो उपनिरीक्षक वा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, जबाब घेताना गणवेश घालू नये, आणि मुलाला कोणत्याही कारणास्तव रात्री ठाण्यात थांबवून ठेवू नये, इतके बारकावे या कायद्यात लिहिलेले आहेत. लिहिणाऱ्याने मुलाच्या डोळ्यांनी ठाण्याकडे पाहिले होते, असे हा कायदा वाचताना वाटते. उणीव आहे ती या अक्षरांस चेहरा नसण्याची. मुख्याध्यापकाच्या टेबलावर कायद्याची प्रत असेलही. परंतु संकटाच्या दिवशी माणूस कलमाकडे धाव घेत नाही, ओळखीच्या माणसाकडे घेतो.

येथवर आमचे म्हणणे बहुतेकांस मान्य होईल. कठीण भाग यापुढेच आहे. ‘मग प्रत्येक शाळेत एक पोलीस कायमचा बसवू या,’ असे जर कोणी म्हणेल, तर त्याने ज्या देशांनी हा प्रयोग केला त्यांचा इतिहास आधी वाचावा. अमेरिकेत मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहरात १९५० च्या दशकात शाळांत पोलीस नेमण्यास आरंभ झाला, तो मुलांशी स्नेह जोडण्याच्या सद्हेतूने. पुढे शाळांतील गोळीबारांच्या भीतीने त्या स्नेहाला कमरेचे पिस्तूल जडले. परंतु २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइन येथील शाळेत हत्याकांड झाले तेव्हा त्या शाळेस नेमलेला सशस्त्र पोलीस होताच. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पार्कलंड येथे सतरा जीव गेले, तेव्हाही शाळेचा पोलीस इमारतीबाहेर उभा राहिला. २४ मे २०२२ रोजी युवाल्डी येथे एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तेथे तर शेकडो पोलीस जमले असूनही तासाहून अधिक काळ हल्लेखोरापर्यंत कोणी पोहोचले नाही. ज्या संकटाच्या नावाने पोलीस शाळेत आणला, त्या संकटाच्या घटकेस तो हमखास उपयोगी पडतो, असे हा इतिहास सांगत नाही.

उलट, ज्या कामासाठी त्याला आणलेच नव्हते, ते काम मात्र तो करू लागतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये दक्षिण कॅरोलायना राज्यातील एका शाळेत एका मुलीने वर्गात मोबाइल फोन देण्यास आणि वर्गाबाहेर जाण्यास नकार दिला. शिक्षकाने प्रशासकास बोलावले, प्रशासकाने शाळेच्या पोलिसास बोलावले, आणि पोलिसाने त्या मुलीस बाकासकट उलथवून जमिनीवर फरपटत नेले. त्या कृत्यास आक्षेप घेणाऱ्या दुसऱ्या मुलीलाही अटक झाली. पोलिसाची नोकरी गेली. परंतु प्रश्न उरतोच. वर्गात हट्ट धरून बसलेली मुलगी हा विषय पोलिसाचा झाला कसा? दहा मिनिटे थांबण्याचा धीर शिक्षकाने धरला असता, तर हे टळले नसते काय?

लंडनमधील उदाहरण तर शिक्षकवर्गाने पुनःपुन्हा वाचावे असे आहे. डिसेंबर २०२० मध्ये हॅकनी भागातील एका शाळेत पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीच्या अंगास गांजाचा वास येतो, असा शिक्षकांस संशय आला. त्यांनी तिची झडती घेतली. काही सापडले नाही. तरीही पोलिसांना पाचारण झाले. दोन महिला पोलिसांनी शाळेच्याच दवाखान्याच्या खोलीत तिला विवस्त्र करून तपासले. काहीही सापडले नाही. तिच्या आईस कळवले गेले नव्हते, आणि तिच्या बाजूचे म्हणता येईल असे एकही वडीलधारे माणूस त्या खोलीत नव्हते. शिक्षक दाराबाहेर उभे होते. मार्च २०२२ मध्ये या प्रकरणाचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा सारे शहर हादरले. पुढे जून २०२५ मध्ये दोघा पोलिसांना गंभीर गैरवर्तनाबद्दल बडतर्फ करण्यात आले. पोलिसांना शासन झाले ते योग्यच झाले. तथापि आमच्या मनात सलते ते त्या बंद दाराबाहेर उभे राहिलेले शिक्षक. शाळेत असताना मूल शिक्षकाच्या पदराखाली असते. पोलीस आला म्हणून तो पदर काढून घेण्याचा अधिकार शिक्षकास कोणी दिला?

हे परदेशात घडते, आपल्याकडे नव्हे, अशा भ्रमात राहण्याचेही कारण नाही. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या कर्नाटकात, बिदर येथील एका शाळेत मुलांनी नागरिकत्व कायद्यावर एक नाटुकले केले. त्यातील काही वाक्यांवरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. एका विद्यार्थिनीची आई आणि मुख्याध्यापिका यांना अटक झाली. आणि गणवेशातील पोलिसांनी अनेक दिवस शाळेत जाऊन मुलांची चौकशी केली. नाटुकले योग्य होते की अयोग्य, याविषयी कोणाचे मत काहीही असो. परंतु प्राथमिक शाळेतील मुलांसमोर गणवेशात व शस्त्रासह बसून प्रश्न विचारणे हा बाल न्याय कायद्याचा सकृद्दर्शनी भंग होय, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नमूद केले, आणि २०२३ मध्ये शाळेच्या चालकांवरील राजद्रोहाचा गुन्हाही रद्द ठरवला. मुलांशी बोलताना पोलिसाने शक्यतो साध्या वेषात असावे, हा नियम तेव्हाही होताच. तो ठाऊक असलेला आणि वरिष्ठांस ठामपणे सांगू शकणारा बाल कल्याण पोलीस अधिकारी त्या शाळेच्या ओळखीचा असता, तर मुलांवरील तो प्रसंग टळण्याची निदान शक्यता होती.

तेव्हा पोलीस शाळेत नकोच, असे म्हणून मोकळे व्हावे काय? कॅनडातील व्हँकूव्हर शहराने तसे करून पाहिले. तेथे १९७२ पासून शाळांत संपर्क अधिकारी नेमण्याची प्रथा होती. कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी कुटुंबांतील मुलांना या अधिकाऱ्यांची भीती वाटते, असे ध्यानात आल्यावर तेथील शाळा मंडळाने २०२१ मध्ये ती बंद केली. निवडणुकीत मंडळ बदलले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तीच प्रथा बदललेल्या स्वरूपात परत आली. त्याच प्रांतातील व्हिक्टोरिया शहराच्या शाळा मंडळाने पोलिसांना दाराबाहेर ठेवण्याचा हट्ट सोडला नाही, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये प्रांतिक सरकारने ते निवडून आलेले मंडळच बरखास्त केले. टोरांटो शहरानेही नऊ वर्षांच्या अनुभवानंतर २०१७ मध्ये आपली योजना गुंडाळली होती. दार सताड उघडायचे की कडी लावून घ्यायची, असा वाद मांडला की तो दर निवडणुकीस नव्याने मांडावा लागतो, आणि दरम्यान मुले वाऱ्यावर राहतात. व्हँकूव्हरच्या मुलांचे आणि पालकांचे म्हणणे मात्र विसरता येत नाही. एकाच गणवेशाकडे पाहून एका मुलाला आधार वाटतो आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या पोटात गोळा येतो.

महाराष्ट्रास ही गोष्ट कोणी परदेशातून येऊन शिकवण्याची गरज नाही. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो शिक्का स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदावरून पुसला. परंतु पारध्याच्या पोराकडे पाहणारी नजर अद्याप किती बदलली? वर्गात कोणाची कंपासपेटी हरवली, कोणाच्या दप्तरातून पैसे गेले, की प्रथम कोणाचे दप्तर उघडले जाते, हे कोणत्याही शिक्षकाने आपल्या मनाशी प्रामाणिकपणे आठवून पाहावे. आमचा बहुसंख्य वाचकवर्ग सुशिक्षित आणि सुस्थित आहे. त्याच्या मुलाने आगळीक केली तर पालकांस बोलावणे धाडले जाते, चहा मागवला जातो आणि समज देऊन प्रकरण मिटते. झोपडवस्तीतील मुलाने तीच आगळीक केली तर? त्याचा बाप रोजंदारी बुडवून शाळेत येऊ शकत नाही, आई धुण्याभांड्यांच्या कामावर असते, आणि ‘पोलिसांत देऊ’ हे शब्द त्याच्यासाठी पोकळ धमकी नसतात. शाळेत पोलीस आणा, असे म्हणताना तो कोणाच्या मुलासाठी आणि कोणाच्या मुलाविरुद्ध येणार आहे, याचा विचार आपल्या वर्गाने केला पाहिजे.

म्हणून आमच्या मते या प्रश्नाचे सारे मर्म एका सीमारेषेत आहे, आणि ती रेषा प्रथम शिक्षकांनी आखावयाची आहे. शिस्त हा शिक्षकाचा धर्म आहे. गुन्हा हा पोलिसाचा विषय आहे. आम्ही काही वर्षे हाती खडू धरला आहे, त्यामुळे ही रेषा वर्गात किती अस्पष्ट दिसते याची आम्हांला कल्पना आहे. साठ मुलांच्या वर्गात एक उनाड पोरगा तासच्या तास वाया घालवतो, तेव्हा उत्तम शिक्षकाच्याही मनात नको नको ते विचार येतात. पूर्वी अशा वेळी छडी होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली, ती सर्वस्वी योग्य होती. परंतु छडी गेली आणि तिच्या जागी समुपदेशक, वेळ आणि लहान वर्ग जितक्या प्रमाणात यावयास हवे होते तितक्या प्रमाणात आले नाहीत. त्या रिकाम्या जागी पोलीस ही नवी छडी होऊन बसण्याचा मोह मोठा आहे. छडीचा वळ चार दिवसांत मावळत असे. ठाण्यातील नोंद आणि त्यासोबत येणारी बदनामी मुलास कित्येक वर्षे पुरते.

येथे कायद्याची दृष्टी आपल्या सर्वसाधारण समजुतीहून अधिक उदार आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार, ज्यास किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा घोर अपराध असल्याखेरीज, किंवा प्रौढ माणसांच्या साथीने अपराध घडला असल्याखेरीज, मुलावर प्रथम खबर अहवाल नोंदवावयाचा नसतो. पोलिसांनी स्टेशन डायरीत नोंद करून मुलाच्या सामाजिक परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवावयाचा असतो. मूल ताब्यात घेतलेच तर त्यास कोठडीत ठेवता येत नाही, त्याला चोवीस तासांच्या आत मंडळापुढे न्यावे लागते, आणि त्याचे नाव वा शाळा वृत्तपत्रात छापता येत नाही. हा शेवटचा निर्बंध आमच्या व्यवसायबंधूंनीही स्मरणात ठेवावा. पोलीस कायद्याप्रमाणे वागला तर मुलाच्या दोन मुलांमधील मारामारीत किंवा पेन्सिलच्या चोरीत त्याचे काही काम नाही. त्याला तेथे ओढून आणतो तो बहुधा शाळेचा थकवा.

या रेषेच्या अलीकडे राहून संपर्क अधिकाऱ्याने करावयाचे काम थोडके नाही. शाळेच्या वाटेवर मुलींचा पाठलाग करणारे टोळके, फाटकासमोरच्या टपरीवर मिळणारी तंबाखूजन्य वस्तू, मुलांच्या मोबाइलवर अनोळखी माणसांकडून येणारी चित्रे आणि धमक्या, शाळेच्या बसचा चालक आणि मदतनीस यांची पूर्वचौकशी, हे सारे शिक्षकाच्या हातचे नाही आणि पोलिसाच्या हातचे आहे. त्याहून महत्त्वाचे, एखाद्या मुलीने बाईंजवळ काही सांगितले आणि बाई गोंधळून गेल्या, तर पुढे काय करावयाचे, कोणती गोष्ट मुलीस पुन्हा विचारावयाची नाही, तक्रार कोठे नोंदवावयाची, हे ज्यास त्या क्षणी विचारता येईल असा तो माणूस असला पाहिजे. पालकांस ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवण्याची कोणाची हिंमत होऊ नये, एवढे वजन त्याला आपल्या ठाण्यात असले पाहिजे.

या भूमिकेत एक धोकाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. गोड बोलून मुलांना बोलते करावयाचे आणि वस्तीतील बातमी काढावयाची, असा उपयोग या स्नेहाचा झाला, तर मुले दुसऱ्या दिवसापासून गप्प होतील, आणि खरोखर सांगण्याजोगे काही घडेल तेव्हाही गप्पच राहतील. म्हणून मुलाशी चौकशीच्या स्वरूपाचे कोणतेही बोलणे शिक्षक आणि पालक यांच्या माघारी होता कामा नये, आणि आपण सांगू ते पुढे कोठे जाईल, हे मुलास आधी सोप्या शब्दांत सांगितले गेले पाहिजे. मुलाचा विश्वास ही अशी ठेव आहे की ती एकदा मोडली की पुन्हा जमा होत नाही.

आपल्याकडे काहीच होत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईत ‘पोलीस दीदी’ आणि पुण्यात ‘पोलीस काका’ या घरगुती नावांनी पोलीस शाळांत जाऊन मुलांशी बोलले आहेत. चांगला स्पर्श कोणता आणि वाईट कोणता, हे महिला पोलिसांनी लहानग्यांना समजावून सांगितले आहे. आई जेवत नसलेल्या पोरास ‘पोलीस धरून नेईल’ म्हणून ज्या देशात भिवविते, तेथे पोलिसाने काका आणि दीदी व्हावे, ही सुधारणा लहान नव्हे. केरळने २०१० मध्ये ‘विद्यार्थी पोलीस कॅडेट’ योजना सुरू केली. तीत शाळेतीलच शिक्षकांना शिक्षण देऊन दुव्याचे काम सोपवले, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती देशभर नेण्याचे ठरवले. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या स्थापण्याचे फर्मान काढले आणि बदलापूरनंतर तक्रारपेटी, कॅमेरे व कर्मचाऱ्यांची पूर्वचौकशी यांची त्यास जोड दिली. तथापि वर्षातून एकदा येऊन व्याख्यान देणारा मनुष्य आणि हाक मारली असता येणारा मनुष्य यांत अंतर आहे. कॅमेरा घडलेले दाखवतो. घाबरलेल्या मुलीचे बोलणे तो ऐकून घेत नाही.

पोलिसांच्या बाजूनेही न्यायाने बोलले पाहिजे. ज्याने ‘केवळ मुलांचे’ काम पाहावे असे कायदा म्हणतो, त्याच अधिकाऱ्याच्या गळ्यात तपास, समन्स आणि रात्रपाळी पडते. गणेशोत्सवाचा बंदोबस्त आला, निवडणूक आली, मंत्र्यांचा दौरा आला, की मुलांचे काम कागदावर राहते. जो थोडा शिकतो, मुलांत रमतो, त्याची बदली होते, आणि नव्या माणसाचा श्रीगणेशा पुन्हा पहिल्यापासून होतो. अशा कारभारातून ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ या महाराष्ट्र पोलिसांच्या ब्रीदातील दुसरा शब्दच खरा होतो आणि पहिला मागे पडतो. रक्षण हेही पोलिसाचे पूर्ण वेळेचे काम आहे, हे गृहखात्याने मनुष्यबळाच्या हिशेबात दाखवून दिले पाहिजे.

आमच्या अपेक्षा अवास्तव नाहीत. प्रत्येक शाळेच्या दर्शनी भागात, मुलांच्या उंचीस दिसेल अशा ठिकाणी, त्या हद्दीतील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक, तसेच मुलांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हा क्रमांक लिहिलेला असावा. त्या अधिकाऱ्याने जून महिन्यात, शाळा उघडताच, शिक्षक व पालक यांच्या सभेस साध्या वेषात, शस्त्राविना यावे आणि आपली ओळख करून द्यावी. पोलिसांस केव्हा बोलवावयाचे आणि केव्हा मुळीच बोलवावयाचे नाही, याचा एक पानी नियम शाळेने लिहून काढून पालकांच्या हाती द्यावा. पोलीस शाळेत आला तर मुलाशेजारी त्याच्या विश्वासाचे एक वडील माणूस बसलेले असेलच, ही हमी त्या नियमाचे पहिले वाक्य असावे. शहराच्या पोलीस आयुक्तांनी या अधिकाऱ्यांस निदान तीन वर्षे एका जागी ठेवावे आणि बंदोबस्तातून वगळावे. यांपैकी कशासही नवा कायदा लागत नाही, आणि खर्च लागला तर तो फलकाच्या रंगाचा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले, आणि पोलीस ठाण्याची पायरी तर त्याहूनही कठीण मानली गेली. प्रौढांनी ती पायरी टाळली तर त्याचे बरेवाईट त्यांचे त्यांनी पाहावे. चार वर्षांच्या मुलीस तो पर्याय नसतो. तिच्या वतीने कोणीतरी ती पायरी चढलेच पाहिजे, आणि वर पोहोचल्यावर तिला ओळखणारे, तिच्या बाईंना नावाने हाक मारणारे माणूस तेथे बसलेले असले पाहिजे. येत्या पालकसभेत वह्या, गणवेश आणि सहलीचे शुल्क यांची चर्चा संपल्यावर प्रत्येक पालकाने उभे राहून मुख्याध्यापकांस एवढेच विचारावे: आपल्या ठाण्यातील मुलांचा अधिकारी कोण? उत्तर मिळेपर्यंत त्याने खाली बसू नये.